साठीनंतर मोठे ओंडके फोडायचे म्हणजे: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मागच्या वळवात आमच्या परड्यातला जुना रायवळ आंबा मुळासकट आडवा झाला, बुंधा एवढा की दोघांच्या कवेत मावेना. तेव्हापासून जो येतो तो ओट्यावर बसून चहा पितो आणि काहीतरी विचारतो. गाव सातारा तालुक्यातलं, परळी खोऱ्यातलं, सज्जनगड समोर दिसतो. माझं वय 69, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होतो. त्याच त्याच प्रश्नांना उत्तरं देऊन कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं.

घरात गॅस असताना या वयात हे उद्योग कशाला?

मुलगा पण पुण्याहून फोनवर हेच म्हणतो. गॅस आहे ओ, पण अंघोळीचं पाणी आमच्याकडं अजून तांब्याच्या बंबात तापतं, भाकरी मागल्या दारच्या चुलीवर होते आणि पावसाळ्यात या खोऱ्यात लाइट गेली की गिझर काय कामाचा. दुसरं म्हणजे झाड पडलंच होतं, त्याचं काहीतरी करावं लागणारच. आणि खरं सांगायचं तर मला आवडतं, सकाळी टीव्हीसमोर बसण्यापेक्षा बरं.

एवढा मोठा ओंडका फुटतो तरी कसा? मी तर मधोमध मारून मारून दमलो

मधोमध मारलं हीच चूक. "एक घाव दोन तुकडे" ही म्हण ज्यानं केली त्यानं दोन फुटी ओंडका बघितला नसावा. मधोमध घाव घातला की कुऱ्हाडीला चहूबाजूनी लाकूड दाबून धरतं, पातं रुतून बसतं, मग ते हलवून हलवून काढण्यातच निम्मा दम जातो.

मोठा ओंडका कडेनं सोलायचा. कडेपासून तीन-चार बोटं आत घाव घाला, पण पातं असं पडलं पाहिजे की कडेची एक फळी सुटेल, म्हणजे घावाची रेघ कडेला समांतर, मधल्या गाभ्याकडं तोंड करून नाही. एक फळी सुटली की तिथंच थोडं सरकून दुसरी, मग तिसरी, असं गोल फिरत जायचं, ओंडका जागेवरच, फिरायचं आपण. पहिली फळी काढायला आठ-दहा घाव लागतील, पण एकदा गोलाई मोडली की पुढच्या भराभरा सुटतात कारण लाकडाला बाहेर सरकायला जागा मिळते. शेवटी मध्ये जो गाभा राहतो तो वीतभर-दीड वीत, तो मग खुशाल मधोमध फोडा.

हे मला कुणी शहाण्यानं शिकवलेलं नाही. लहानपणी आमच्या घरी सरपण आई फोडायची, छोटी कुऱ्हाड घेऊन, अंगात मूठभर मांस नाही अशी बाई, आणि ती कायम कडेकडेनं ढलप्या काढायची. वडील आणि चुलते मात्र मधोमध हाणायचे आणि शिव्या द्यायचे. मी पण चाळीस वर्षं वडिलांसारखंच हाणलं. खांद्यातलं बळ गेलं तेव्हा आईची रीत आठवली.

घाव घालण्याआधी ओंडक्याचं तोंड नीट बघा. वाळताना त्याला चिरा पडलेल्या असतात, त्या चिरेच्या रेघेतच घाव घाला. गाठ कुठं आहे ते सालीवरनं कळतं, जिथं फांदी फुटलेली असते तिथं आत गाठ असणार, तिच्या वाटेला जाऊ नका, तिला एका तुकड्यात सोडून आजूबाजूचं काढा. आणि फांद्यांच्या गाठी असल्या तर ओंडका उलटा करून पण बघा, पुष्कळदा याचा फरक पडतो.

कुऱ्हाड किती वजनाची घ्यावी? जड घेतली तर जोर जास्त बसेल ना?

जड घेतली तर जोर बसतो, पण ती उचलायची कुणी? हिशोब असा आहे की वजन दुप्पट केलं तर घावातला जोर दुप्पट होतो, पण वेग दुप्पट केला तर जोर चौपट होतो. म्हणून आपल्याला झपकन फिरवता येईल तीच कुऱ्हाड. माझी दोन किलोच्या आतली आहे. पोरगं आलं होतं तेव्हा चार किलोची कुऱ्हाड घेऊन तोऱ्यात सुरू झालं, पाव तासात बसलं पाणी मागत.

पातळ पात्याची झाडं तोडायची कुऱ्हाड इथं उपयोगाची नाही, ती रुतते. फोडायला जाड गालाची हवी, म्हणजे आत शिरली की लाकूड दोन्हीकडं फाकवते. धार वस्तऱ्यासारखी नको पण बोथट पण नको, बोथट कुऱ्हाड लाकडावरनं उडते आणि उडून पायाकडंच येते.

दांडा धामणीच्या लाकडाचा मिळाला तर उत्तम, ते लाकूड लवचीक असतं, हाताला झिणझिण्या कमी येतात. बाभळीचा पण चालतो. उन्हाळ्यात दांडा वाळून नेढ्यात, म्हणजे पात्याच्या भोकात, ढिला होतो, मग लोक कुऱ्हाड रात्रभर बादलीत बुडवून ठेवतात. दुसऱ्या दिवशी घट्ट वाटते, पण पुन्हा वाळला की आधीपेक्षा ढिला. नेढ्यात पाचर मारून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते वेगळ्या अर्थानं, पण दांड्यातनं निसटलेलं पातं खरंच गोतास काळ होतं.

ओंडका फोडायला लोखंडी पाचर कधी वापरायची?

पहिली फळी आठ-दहा घावात पण सुटत नसेल तर. दोन पाचरी पाहिजेत, एक नाही. एकच असली आणि ती आत गडप झाली की तुम्ही आणि ओंडका एकमेकांकडं बघत बसता. पहिली चिरेत थोडी बसवा, घणानं हलके ठोके द्या, चीर पुढं सरकली की दुसरी तिथं लावा, पहिली आपोआप सैल होते.

मी आमच्या लोहाराकडनं ट्रकच्या जुन्या एक्सलच्या तुकड्याच्या करून घेतल्यात. करून घेताना एक सांगायचं, पाणी (म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करणं) फक्त धारेला द्या, माथा नरम ठेवा. माथ्याला पण पाणी दिलं तर तो काचेसारखा कडक होतो आणि घणाच्या घावाखाली त्याची कपची उडते. नरम माथा ठोकून ठोकून अळंबीसारखा पसरतो, त्या पसरलेल्या कडा पण तुटून उडतात, म्हणून अधनंमधनं ग्राइंडरवर साफ करायच्या. माझ्या नडगीत असली एक कपची घुसली होती, पॅन्टमधून आरपार. वर्कशॉपात तीस वर्षं दुसऱ्यांना हेच सांगत होतो आणि घरी स्वतःच विसरलो.

कुऱ्हाडीची पाठ घण म्हणून वापरू नका, आणि रुतलेल्या कुऱ्हाडीवर घण मारू नका. नेढं फाकतं, मग ती कुऱ्हाड गेली.

मशीनच्या करवतीनं ओंडके पाडणारा कटरवाला येणार आहे, त्याला काय सांगू?

सगळ्यात जास्त मेहनत इथं वाचते आणि नेमकं इथंच कुणी लक्ष देत नाही. त्याला सांगा एक फुटापेक्षा लांब तुकडे नकोत. तो दीड-दोन फुटाचे पाडतो कारण त्याला कमी काप घ्यावे लागतात, पण दीड फुटाचा ओंडका फोडायला एक फुटाच्या दीडपट नाही, चांगली दुप्पट-अडीचपट ताकद खातो असा माझा अनुभव. चुलीला एक फूट लांबी बरोबर बसते, बंबाला तर त्याहून लहान चालतं. दुसरं, काप सरळ पाहिजे, तिरका कापलेला ओंडका उभा राहत नाही. आणि फार जाड बुंधा असेल तर त्याच्याकडनंच कटरनं उभे दोन किंवा चार भाग करून घ्या, अर्धा तास जास्त लागेल, पैसे द्या आणि मोकळे व्हा. बांधावरचं झाड असेल तर जुनी तार, खिळे कुठं होते ते आधीच सांगा, नाहीतर त्याच्या चेनचं वाटोळं.

ओंडका ठोकळ्यावर ठेवायला उचलायचा कसा?

उचलायचाच नाही. दोन फूट रुंद, एक फूट उंच ओला आंब्याचा ओंडका 80 किलोच्या आसपास भरतो, साखरेचं दीड पोतं. पहारीनं कलता करायचा, चाकासारखा गडगडत न्यायचा, आणि जमिनीवरच फोडायचा. एवढा मोठा ओंडका स्वतःच फूटभर उंच असतो, त्याला ठोकळा कशाला. फक्त खाली माती पाहिजे, फरशी किंवा आपला काळा दगड नको, घाव चुकला तर धार जाते आणि ठिणगी उडते ती वेगळीच. लहान तुकडे मात्र ठोकळ्यावर, गुडघ्याच्या जरा खाली येईल एवढ्या उंचीच्या. ठोकळ्याचा फायदा असा की घाव हुकला तर कुऱ्हाड ठोकळ्यात जाते, पायात नाही.

आणि एक युक्ती. जीपचा जुना टायर ओंडक्याभोवती किंवा ठोकळ्यावर ठेवा, फोडलेले तुकडे टायरमध्येच उभे राहतात, उडत नाहीत, आणि प्रत्येक तुकड्यासाठी वाकावं लागत नाही. आमची मंडळी पहिल्यांदा हसली, आता तिनंच टायरमध्ये छोट्या ढलप्या पाडायला सुरुवात केलीय.

कंबरेत उसण भरते, काय करू?

उसण घाव घातल्यानं कमी आणि वाकून तुकडे गोळा करताना जास्त भरते. कंबरेत पिळा घालून बाजूला तुकडे फेकायचं बंद करा. घाव खाली येताना गुडघे थोडे मोडा, कंबर नाही, त्यानं पातं सरळ पडतं. पाय खांद्याएवढे फाकवून उभं राहायचं, एक पाय पुढं टाकून नाही, हुकलेला घाव त्याच पुढच्या पायावर येतो. घाव घालताना श्वास सोडा, हमाल "हं" करतात ते उगाच नाही.

बीपी आहे, शुगर आहे, डॉक्टरांना विचारू का?

विचारा. अँजिओप्लास्टी झालीय, हर्निया आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत कुऱ्हाडीला हात लावू नका. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर साधी जखम पण थांबायला वेळ लागते, हे लक्षात ठेवा. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी वाढतच नाही, त्यामुळं नाडी मोजून अंदाज घेण्यात अर्थ नाही. मी साधी परीक्षा ठेवलीय, काम करताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येतंय का. येत नसेल तर कुऱ्हाड खाली. शुगरवाल्यांनी उपाशी पोटी सुरू करू नये, आणि पायाची जाणीव कमी झाली असेल तर जाड बूट घातल्याशिवाय अजिबात नाही.

छातीवर वजन ठेवल्यासारखं वाटलं, जबडा किंवा डावा हात दुखायला लागला, गार घाम सुटला, तर "गॅस झाला असंल" म्हणून सोडा पिऊ नका, बसा आणि 108 ला फोन लावा. म्हणून एकट्यानं फोडायचंच नाही, घरात हाक ऐकू येईल असं कुणीतरी पाहिजे आणि फोन खिशात, आत चार्जिंगला नाही.

माझा नेम वीस मिनिटं काम, दहा मिनिटं बसायचं, असं दोनदा. सकाळी चहा-भाकरी झाल्यावर, उन्हं तापायच्या आत. एका दिवसात मोठे ओंडके दोन. ढीग बघायचा नाही. ढीग बघितला की माणूस घाई करतो.

बूट-चष्मा खरंच लागतो का? आमचे आजोबा अनवाणी फोडायचे

आजोबांच्या पायाची बोटं मोजली होती का कधी? जाड बूट, साधा प्लास्टिकचा वेल्डिंगच्या दुकानात मिळणारा गॉगल, एवढं पुरे. नजरेच्या चष्म्यावर भरवसा नको. सैल धोतर, लुंगी, गळ्यातला टॉवेल नको. हातमोजे मी घाव घालताना काढतो, दांडा निसटतो म्हणून, गोळा करताना घालतो. आणि नातवंडं परड्यात आली की काम बंद.

कोणतं लाकूड सोपं, कोणतं अवघड?

आंबा ओला असताना बराच सरळ फुटतो, फक्त चीक अंगावर घेऊ नका, काहींना खाज येते, पुरळ उठतं. सुभाभूळ आपल्या वयाला सगळ्यात चांगली. बाभूळ जळण म्हणून एक नंबर, माण-खटावकडं आणि खाली जत-आटपाडीकडं हीच जास्त, निखारा टिकतो, पण ओली असतानाच फोडा, वाळली की लोखंड. निलगिरीचं पण तसंच, तिची शीर, म्हणजे लाकडाचे धागे, पिळदार असते, तोडल्या तोडल्या फोडली तर बरं, वाळल्यावर कुऱ्हाड टुणकन उडते.

चिंच. चिंचेबद्दल काय बोलावं. खाटकाच्या दुकानातला ठोकळा चिंचेचा असतो, वर्षानुवर्षं सुरा खातो आणि फुटत नाही, यातच आलं सगळं. शीर एकमेकीत गुंतलेली असते. चिंचेचा जाड बुंधा कटरनंच बारीक करून घ्या.

म्हणजे सगळं ओलंच फोडायचं?

सरसकट नाही. आंब्याचा मोठा ओंडका मी दोन-तीन आठवडे सावलीत ठेवतो, तोंडाला चिरा पडल्या की घाव कुठं घालायचा ते तोच सांगतो. पण पावसात पडू देऊ नका, आंबा लवकर कुजतो आणि भुंगा लागतो, खाली पिठासारखा भुसा दिसायला लागला की समजा उशीर झाला.

फोडलेलं वाळायला किती दिवस? रचायचं कसं?

दिवाळीच्या आसपास फोडलं तर अक्षयतृतीयेपर्यंत जाळण्याजोगं होतं, जाड बाभळीला पुढचा उन्हाळा पण लागतो. महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला पावसाळ्यात वाळायची आशाच सोडा. ओल्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचं असू शकतं, जाळताना ते पाणी आटवण्यातच जाळ खर्ची पडतो आणि घरभर धूर. वाळलं का ते बघायला एक ढलपा खुणेचा ठेवा, महिन्याला ताणकाट्यावर तोला, वजन उतरायचं थांबलं की वाळलं. दोन ढलपे एकमेकांवर आपटून पण कळतं, वाळलेलं ठणठण वाजतं.

जमिनीवर थेट रचू नका, खाली दोन विटा आणि आडवे दांडके. वर पत्रा, बाजू मोकळ्या. ताडपत्रीनं सगळं गुंडाळून ठेवणारे पण बघितलेत, आतल्या आत बुरशी.

लाकडाच्या ढिगात साप-विंचू निघतात त्याचं काय?

निघणारच, आपण त्यांना घर बांधून दिलंय. घोणस, फुरसं, मण्यार सगळं या भागात आहे. ढिगात हात घालायच्या आधी काठीनं वाजवा, वरनं काढा, मधनं उपसू नका, संध्याकाळी बॅटरीशिवाय जाऊ नका. ढीग घराच्या भिंतीला लावू नका. चावलं तर कापाकापी, दोरी करकचून बांधणं, मांत्रिक, यातलं काही नको, सरळ सरकारी दवाखाना. विंचवाला पण घरगुती उपाय करत बसू नये, आपल्याकडचा लाल विंचू थेट हृदयावर जातो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन गोळीचा उपचार दाखवून दिला तेव्हापासून पुष्कळ जीव वाचलेत, पण त्यासाठी माणूस वेळेत पोचला पाहिजे.

स्वतःच्या रानातलं झाड तोडायला परवानगी कशाला?

1964 चा महाराष्ट्राचा झाडतोडीचा कायदा आहे, त्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस, हिरडा, ऐन, साग ही झाडं येतात, ती स्वतःच्या रानात असली तरी तोडायला परवानगी लागते. बाभूळ, निलगिरी, सुभाभूळ त्या यादीत नाहीत. नगरपालिकेच्या हद्दीत नियम वेगळे. आमचा आंबा वाऱ्यानं पडला होता तरी मी आधी फोटो काढले, तलाठ्याच्या कानावर घातलं आणि मग कटर लावला. एक फेरी जास्त झाली, पण नंतर कुणी बोट दाखवायला नको.

सांगलीला पुरात वाहून आलेले ओंडके पडलेत, घेऊ का?

2019 ला माझ्या मेहुण्याच्या नदीकाठच्या मळीत कृष्णेनं असले ओंडके आणून टाकले होते. फुकटचं म्हणून त्यानं सगळे गोळा केले. सालीत आणि चिरांत वाळू-गाळ गच्च, कुऱ्हाडीची धार एका दिवसात गेली, कटरवाला तर दोन चेन बदलून निघून गेला. घ्यायचेच तर साल सोलून, पाणी मारून धुवा, आणि मग वाळवा. रंग दिलेलं, प्लायवूडचं असलं काही आलं असेल तर चुलीत नको.

कोणतं लाकूड जाळूच नये?

कण्हेर. तिचा धूर पण विषारी. बिब्बा, चीक अंगावर उडाला तर फोड येतात, धूर पण वाईट. वड-पिंपळ-उंबर आपल्याकडं कुणी चुलीत घालत नाही ते श्रद्धेनं, पण तसंही वडाचं चिकाळ लाकूड जळण म्हणून काही कामाचं नाही.

फोडायचं मशीन घ्यावं का?

जळण भरपूर लागत असेल, चार घरांत मिळून, तर हायड्रॉलिक मशीन चांगलं. लाकूड एकानंच ठेवायचं आणि लिव्हर पण त्यानंच ओढायचा. एक ठेवणार, दुसरा ओढणार असं केलं की बोटं जातात, वर्कशॉपातल्या प्रेसवर हे डोळ्यांनी बघितलंय. ट्रॅक्टरला लावायचा तो फिरणारा स्क्रूसारखा शंकू येतो, त्याच्यापासून मात्र लांब राहा, हातमोजा किंवा शर्टाची बाही गुंतली तर सोडवायला वेळ मिळत नाही.

गडी लावला तर?

लावा की, त्यात कमीपणा कसला. फक्त ऊसतोडीच्या हंगामात माणूस मिळत नाही. मी सगळ्यात जाड बुडाचे चार ओंडके गड्याकडनंच निम्मे करून घेतले, बाकीचे माझे.

आणि जो फुटतच नाही त्याचं काय?

आमच्या आंब्याचा एक होता, जिथं तीन फांद्या फुटल्या होत्या त्या सांध्याचा. दोन्ही पाचरी आत, कुऱ्हाड आत, चार दिवस असाच पडला. शेवटी कटरवाल्याला पुन्हा बोलावून पाचरी तेवढ्या सोडवून घेतल्या आणि तो पडवीत सरकवला. वीस मिनिटं झाली की त्याच्यावरच बसतो.